डावा मागचा दिवा

१ ऑक्टो. खंडेनवमी.
ह्यांनी राहायला बनवलेली गाडी धुतली. वरून, आतून, आणि यंदा फवारणीच्या पंपाने खालूनही. हार घातला, हळदकुंकू लावलं. संध्याकाळी बटण दाबलं तर पुढचे दिवे ठीक, मागचा डावा बंद. डाव्या अंगाचा छोटा दिवा बंद. नंबरप्लेटचा बंद. दाराबाहेरचा, ज्याच्या उजेडात खुर्च्या टाकून बसायचं ठरलं होतं, तोही बंद.
आरटीओचं पासिंग २४ ला, जळगावला. गाडीला पंधरा वर्षं झाली.
विलासला पुण्याला फोनवर सांगितलं. म्हणाला, "आई, पास झाली तर तुझी. नाही झाली तर भंगारात. मग रडायचं नाही." हो म्हटलं. रडते कुठे मी.

३ ऑक्टो.
फैजपूरला सलीमभाईंकडे नेली. गाड्यांचं विजेचं काम तेच करतात. बल्ब बदलले, फ्यूज बदलला, फरक नाही. मग मागच्या पत्र्यावरचा बोल्ट खरवडला. "वहिनी, अर्थिंग गेलं होतं." चारही दिवे लागले. मी म्हटलं, नवमीची पूजा पावली असेल. ते म्हणाले, "देवाचं नाव घेऊ नका, माझी मजुरी बुडेल."
घरी येईपर्यंत चालू होते. अंगणात लावली आणि गेले.

५ ऑक्टो.
वाचनालयातून गाडीच्या विजेवरचं पुस्तक आणलं. दोनदा वाचलं. एका तारेने करंट जातो आणि गाडीच्या पत्र्यातून परत येतो, हे पटायला वेळ लागला. आमच्या पंपाला तसं नसतं. पुस्तकातल्या चित्रात दिवा नेहमी लागलेला असतो.
जुनी मिनीबस घेऊन, सीटा काढून, ह्यांनी हे सगळं स्वतः केलं. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, दिवे. ठिबक बसवायचं काम करणारा माणूस, गावभर शेतात नळ्या टाकून यायचा आणि रात्री गाडीखाली झोपून तारा जोडायचा. तीन वेळा गेलो आम्ही. चौथ्यांदा तोरणमाळला जायचं होतं, त्याआधी हे गेले.

८ ऑक्टो.
सलीमभाई घरी आले. टेस्टर लावला. पुढे करंट आहे, मागे नाही. मधे कुठे जातो? फरशीखाली काळी नळी आहे, तिच्यातून तारा गेल्यात, दिसत नाही. म्हणाले, "भाईसाहेबांनी बनवलंय, हात लावायला जीव धजत नाही." मला त्यांचा राग आला. मग वाटलं, माझाही धजत नाहीच.

११ ऑक्टो. शिरपूर.
अक्कांकडे आले. ह्यांची मोठी बहीण. पडल्यात, पाय प्लास्टरमध्ये आहे. चोपड्यावरून दिवसाउजेडी आले, दिवे नाहीत म्हणून. त्यांच्या गल्लीला उतार आहे, गाडी तोंड खाली करून लावली.
संध्याकाळी सवयीने बटण दाबलं. डावा मागचा लागला. चारही लागले.
अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "तुन्ही गाडीले मन्हं घर आवडनं. राहू दे तिले आठेच."
"आणि मी?"
"तू बी रहाय. भाकरी कोन करी मंग?"

१३ ऑक्टो.
परत घरी. अंगणात दिवे बंद. अंगण सपाट आहे.

१४ ऑक्टो.
शेतात केळीचे ट्रक भरायला मातीचा चढ केलेला आहे. तिथे नेली. तोंड खाली केलं, दिवे चालू. गाडी वळवून तोंड वर केलं, बंद. पुन्हा केलं. पुन्हा तेच. केळी कापणारी माणसं काम सोडून बघत उभी. एकजण म्हणाला, "काकू, गाडीला चक्कर येते का?"
काहीतरी पुढेमागे सरकतंय. तार सरकत नाही. मग काय?

१५ ऑक्टो.
पोतं टाकून गाडीखाली गेले. नळी हाताला लागली. मागच्या बाजूला लोंबत होती, जड. दाबली तर बोटावर पाणी आलं. थेंब थेंब. पुढे एका फुटावर पुन्हा तसाच थेंब.
ठिबकची नळी आहे. रोपाला पाणी जावं म्हणून ठरावीक अंतरावर भोकं असलेली. ह्यांनी तारा त्यातून नेल्यात. पंपाने खालून धुतली तेव्हा भोकांतून पाणी आत शिरलं. मागे साचलं, वजनाने नळी खाली आली, आतला जोड ताणून सुटला. उतारावर पाणी पुढे गेलं की नळी वर येते आणि जोड टेकतो. फैजपूरला ठोकाठोकीत आणि रस्त्यात हिंदकळून तेच झालं असणार.
बिनभोकाची नळी वेगळी मिळते. ह्यांच्याइतकं ते कोणाला माहीत? त्या दिवशी हाताशी हीच असणार. उद्या बदलू म्हणाले असतील. किंवा नसतील. विचारायला कोणी नाही.
बराच वेळ खालीच पडून होते. शेजारची येऊन विचारून गेली, बरं आहे ना.

१६ ऑक्टो.
सलीमभाईंसमोर नळी कापली. ग्लासभर पाणी निघालं. जोड हिरवा पडलेला. टेपचं टोक ह्यांनी दुमडून ठेवलं होतं, पुढच्याला सोलायला सोपं जावं म्हणून. सलीमभाईंनी सोललं.
"फक्त हा जोड करू की सगळी काढू? तुम्ही सांगा, वहिनी."
जोड केला तर पासिंगपुरतं निभेल. पुढच्या पावसात पुन्हा पाणी.
सगळी काढा म्हटलं.

१७ ऑक्टो.
काढली. नवी तार, जाड बंद नळी. मी खालून धरत होते, ते वरून ओढत होते. जुनी वेटोळं करून ओट्यावर ठेवली होती. दुपारी भेंडीच्या वाफ्यात टाकून दिली. पाणी नीट पडतं तिच्यातून.

२४ ऑक्टो. जळगाव.
पासिंग. पंपाने खालून धुऊन मग नेली, मुद्दाम. साहेब मागे गेले. डावा म्हणाले, उजवा म्हणाले, ब्रेक म्हणाले. मग आत डोकावले.
"ह्यात राहतं कोण?"
"अजून कोणी नाही."
झाली पास.
विलास म्हणाला, "छान. आता चांगलं गिऱ्हाईक मिळेल."
मी म्हटलं, "तुझी, असं म्हणाला होतास."
तो म्हणाला, "ठेव. पण एकटी जायचं नाही."
ह्यावर हो म्हटलं नाही. त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

४ नोव्हें. शिरपूरच्या पुढे, तोरणमाळच्या रस्त्याला.
एकटी आले. अक्कांना सांगितलं, विलासला नाही. दिवस कलला तसं रस्त्याच्या कडेला, कापसाच्या शेताशेजारी थांबले. पुढे जावं की सकाळी मागे फिरावं, ठरत नव्हतं. दाराबाहेरचा दिवा लावला. खुर्ची काढली. दुसरी आतच राहू दिली.
पंधरा मिनिटं रस्त्याकडे बघत बसले. मग एक ट्रॅक्टर थांबला, कापसाच्या गाठोड्यांवर बायका बसलेल्या. चालवणारा खाली उतरला.
"मावशी, चहा भेटी का?"
म्हटलं, हे दुकान नाही.
"मंग दिवा कसाले लायेल शे?"
दिवा लावलाय खरा. चहा ठेवला. बायका उतरल्या, आतला पलंग बघून हसल्या. एकीने दुसरी खुर्ची स्वतःच बाहेर ओढली आणि बसली. जाताना ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "सकाय आठेच शेस का?"
"सकाळचं माहीत नाही," म्हटलं.
विलासचा फोन येऊन गेला, उचललेला नाही. आणखी एक गाडी रस्त्यावर हळू झाली आहे. साखर उरलीय का बघते.