पडद्यावर दुसऱ्याचे हात

हॉलिवूड, मार्च १९३९

माझ्या आईस, तुझ्या एल्मोरचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, जेवतोही वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

मी ड्रम वाजवलेला सिनेमा तिकडे येतोय, पण चर्चभर सांगत सुटू नकोस. ड्रमचा आवाज भरून झाला आणि स्टुडिओचा साहेब म्हणाला, "पोरा, तू आता बाहेर थांब." पस्तिशीच्या बाप्याला पोरा! आणि पडद्यासाठी माझ्या जागी बसवला एक गोरा नट. मेला काठ्या अशा धरतो, जणू खिळे ठोकतोय. वर साहेब मलाच म्हणतो, "याला जरा शिकव की!"

नाही शिकवलं.

थिएटरात आपल्या काळ्या लोकांसाठी वेगळ्या ठेवलेल्या बाल्कनीत बसशील तेव्हा डोळे मिटून घे. तुझ्या पातेल्यांना पोचे पाडणारा हात तुला ऐकूनच कळेल.

तुझाच,
एल्मोर