मातीला काठ

प्रिय धाकट्या,

त्या सोमवारी सकाळी मी देवाचं नाव न घेता मातीत हात घातला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. माझी सवय तुला ठाऊक आहे, तू तिची चेष्टाही करतोस. खुरपं उचलण्याआधी मी क्षणभर डोळे मिटतो, एवढंच. पण त्या दिवशी समोर काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांनी भरलेला टेम्पो उभा होता, हातात तू दिलेला कामाचा कागद होता, आणि डोळे मिटले तरी नाव काही ओठांवर येईना. त्याला या कामात कशाला ओढायचं, असं वाटलं. मग तसाच उकिडवा बसलो आणि पहिला खड्डा खणला.

काम काय होतं ते एकदा सरळ लिहितो, कारण तू आणि मी ते कधी सरळ बोललोच नाही. विद्यापीठाची बाग लोकांना शिकायला आणि फिरायला खुली आहे का, पाट्यांवर लिहिलेली झाडं तिथे खरोखर आहेत का, हे बघायला समिती येणार होती. पाट्या होत्या. झाडं नव्हती. दोन वर्षांपूर्वी वाफ्यांचं पाणी तोडून पाहुण्यांच्या बंगल्यातल्या कारंज्याला दिलं, तेव्हापासून एकेक वाफा वाळत गेला. मी तीन अर्ज केले, तिन्ही तुझ्या टेबलावर आले. उत्तर म्हणून दोनशे अकरा झाडं आली, तीही आठ दिवसांसाठी, रोपवाटिकेला परत करायची. म्हणून कुंडीतून काढायची नाहीत, कुंडीसकट गाडायची, काठावर दोन बोटं माती पसरायची, आणि वर पाटी. तू म्हणालास, "दादा, सगळीकडे असंच चालतं. आधी गुण मिळू देत, मग पाणीही मिळेल." मी मान डोलावली. तू माझा धाकटा भाऊ आहेस आणि माझा साहेबही आहेस. या दोहोंपैकी कोणाला नाही म्हणायचं, तेच मला कळलं नाही.

वाळलेल्या हिरवळीवर हिरवा रंग फवारला, तेव्हा मला पहिल्यांदा किळस आली. आठवतं ना, बागेतली आपली पांढरी मांजर तिच्यावरून चालत गेली आणि चार हिरवे पाय घेऊन समितीच्या पुढ्यात येऊन बसली? समितीतल्या बाई म्हणाल्या, "अरे वा, ही कुठली जात?" आणि तू पापणीसुद्धा न हलवता म्हणालास की चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचा वात्रटपणा आहे. सगळे हसले. मीही हसलो. रात्रभर ती मांजर पंजे चाटत राहिली आणि सकाळी ओकली. ते मी पुसलं. तुला सांगितलं नव्हतं.

समिती खूष झाली. लवकरच पुन्हा येऊ म्हणाली, म्हणून झाडं परत गेली नाहीत, तशीच गाडलेली राहिली. खालची जमीन दगडासारखी कडक. कुंडीत घातलेलं पाणी कुठे जाणार? ते वाटीतल्यासारखं साचलं, आणि मुळं आतल्या आत गोल गोल फिरून सडली. वरून पानं आठवडाभर हिरवी होती. हे मला सगळ्यात घाण वाटतं. तो वास माझ्या कपड्यांना, नखांना बसला. तुझ्या वहिनीने मला मागच्या दारी उभं करून अंगावर पाणी ओतलं. म्हणाली, "इतकी वर्षं मातीत हात घालताय, पण मातीचा वास असा नसतो. काय पुरून आलात?" मी म्हटलं, खत आहे. ती म्हणाली, "खताचा वास मला शिकवू नका," आणि माझा सदरा वेगळ्या बादलीत टाकला.

शिंपीकाकांना तू ओळखतोस. रोज सकाळी काकूंचा हात धरून येतात ते. डोळे जवळजवळ गेलेत, पण माझ्या बागेत तगलेली साठ-सत्तर झाडं त्यांनी बोटांनी पाठ केली आहेत. पान चिमटीत धरतात, उलटसुलट करतात आणि सांगतात, हे मांजरपाट, हे मखमल, हे आतून अस्तर लावलेलं. काकू पाटी वाचतात, काका नाव पुटपुटतात. लोकांसाठी बाग कशाला, असं मला कोणी विचारलं असतं, तर मी त्या दोघांकडे बोट दाखवलं असतं.

समिती गेल्यानंतरच्या गुरुवारी काका नवीन झाडांची ओळख करून घेत होते. पानावरून देठ, देठावरून खोड, खोडावरून माती, अशी त्यांची बोटं खाली उतरली आणि थांबली. मातीत दोन बोटं गेली, गोल फिरली. मग त्यांनी चेहरा माझ्या बाजूला वळवून विचारलं, "माळीबुवा, मातीला काठ कधीपासून आला?"

मी काय म्हणालो ते ऐक. मी म्हणालो, "आळं केलंय काका. पाणी वाहून जाऊ नये म्हणून हल्ली प्लास्टिकची कडा देतात." खोटं बोलायला मी माझीच विद्या वापरली. आणि त्यांनी विश्वास ठेवला, धाकट्या! हात झटकत काकूंना म्हणाले, "बघ, किती नवनवीन निघतं. हे माळीबुवा आहेत म्हणून आपण रोज काहीतरी शिकून जातो." त्या दिवशी मला तुझी, समितीची, त्या हिरव्या रंगाची जेवढी किळस आली होती, त्याहून जास्त स्वतःची आली.

मग झाडं माना टाकायला लागली आणि तू माझ्याकडून फाटकाला कुलूप लावून घेतलंस. "देखभालीसाठी बंद." त्याच आठवड्यात कार्यालयाच्या भिंतीवर प्रमाणपत्र लागलं, जनतेसाठी खुली असलेली आदर्श बाग. तो मजकूर सोनेरी चौकटीत आणि फाटकाची किल्ली माझ्या खिशात. सकाळचे फिरणारे कुलूप बघून परत जातात. काका मात्र गजांतून हात आत घालून वेलाची जी चार पानं सापडतात ती चाचपत उभे राहतात. सहा आठवडे मी रोज त्यांना बघतो आणि अवजारांच्या खोलीत जाऊन बसतो.

तिथे बसल्या बसल्या मला आपल्या गावची शाळा आठवली. शाळेमागे प्रत्येकाला एक रोप दिलं होतं. तुझं रोप सुट्टीत वाळलं, आणि उद्या तपासणीचे साहेब येणार. तू कुंपणाची एक हिरवी फांदी मोडलीस, मातीत खोचलीस, भोवती छान आळं केलंस. साहेबांनी तुझ्या पाठीवर थाप मारली. गुरुजींना नंतर संशय आला, तेव्हा मी शपथेवर सांगितलं की माझ्या भावाने रोप रोज शिंपलंय. तुला मार बसू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घरी येताना आपण किती हसलो! तू मला खांद्यावर घे म्हणालास आणि मी घेतलं. तू हुशार, तू शिकायचं, मी काम करायचं, हे आपलं तेव्हाच ठरलं. सहा वर्षांपूर्वी तू या बागेचा अधिकारी होऊन आलास, तेव्हा फाटकापासून तुझ्या खोलीपर्यंतची वाट मी स्वतः झाडली होती. तुझ्या वहिनीच्या आजारपणात तू सख्ख्या मुलासारखा धावलास, तेही मी विसरलेलो नाही. पण त्या दिवशी गुरुजींपुढे मी खरं बोललो असतो, तर तुला दोन छड्या बसल्या असत्या आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. फांदी तू खोचलीस. पाणी मी घातलं.

आता का लिहितोय ते सांगतो. तू त्या प्रमाणपत्राबद्दलच्या सत्काराला परगावी आहेस, परवा येशील. जाताना माझ्यासाठी टाईप केलेला जबाब ठेवून गेलास, समितीला पाठवायचा: सर्व झाडं जमिनीत लावलेली व जिवंत आहेत, खाली मुख्य माळ्याची सही. त्यावर मी सही केली नाही. मागच्या कोऱ्या बाजूला माझ्या अक्षरात खरं ते लिहिलं, कुंड्या माझ्या हातांनी गाडल्या हे आधी, आणि काल ते टपालात टाकलं. कोणाच्या आदेशाने, हे मी लिहिलेलं नाही. ती एक ओळ मोकळी सोडली आहे. समिती आठवड्याभरात विचारायला येईल. तोपर्यंत तू स्वतः त्यांना कळवून ती भरावीस, असं मला फार वाटतं. नाही भरलीस आणि त्यांनी मला विचारलं, तर मी तुझं नाव सांगेन. हे तुला माझ्याकडूनच, आधी कळावं. टपाल टाकून आलो तो काका फाटकाशी उभे होते. कुलूप काढलं, त्यांना हाताला धरून आत आणलं, एका वाळक्या झाडापाशी बसवलं आणि त्यांचा हात त्या प्लास्टिकच्या काठावर ठेवून सगळं सांगितलं. मी खोटं बोललो तेही. काकांनी बोटांचा वास घेतला, तोंड वाकडं केलं. मला वाटलं, उठून जातील. ते म्हणाले, "चुकीची शिवण आहे ना? मग उसवा की. बसलात काय?" म्हणून आज पहाटे फाटक सताड उघडलं. फिरायला आलेली वीस-पंचवीस माणसं नाकाला पदर, रुमाल लावून मदतीला लागली, काकू टोपल्या धरायला. पहिल्या कुंडीला हात घालण्याआधी मी डोळे मिटले, आणि नाव आलं. दोनशे अकरा कुंड्या उपसून तुझ्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर, त्या प्रमाणपत्राच्या भिंतीपर्यंत, ओळीने मांडल्या आहेत. फाटकाची किल्ली शेवटच्या कुंडीत ठेवली आहे. कुलूप पुन्हा लावायचं असेल, तर ते तुला स्वतःच्या हाताने लावावं लागेल.

तुझाच,
दादा