तरंगत्या घराचा दोर

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तेव्हा हे पत्र म्हणजे तसा वेडेपणाच. मी बोलतेय आणि माझी नात लिहितेय. तिला बजावलंय, मी बोलेन तेच लिहायचं, मध्ये स्वतःची अक्कल घालायची नाही. तिने मान डोलावली. पण ती मान डोलावते आणि मग स्वतःला हवं तेच करते. ही खोड कुणाची, ते तुम्ही ओळखाल.

तर तक्रार हिचीच आहे. तुमची ही पणती घरांचे नकाशे काढते. पुण्यात जमीन संपली की काय कोण जाणे, आता हिला पाण्यावर घर बांधायचंय, आणि तेही आपल्याच खाडीत, जिथे तुमची होडी चालायची तिथे. खाली हवाबंद पिंपं, वर बांबूच्या भिंती, छपरावर सोलर. विजेची तार नको, नळ नको, पावसाचं पाणी साठवायचं, संडासाचं खत करायचं. मला म्हणते, "आजी, याला ऑफ-ग्रिड म्हणतात." मी म्हटलं, "आमच्याही घरी तार नव्हती, नळ नव्हता, पागोळ्यांखाली हंडे लावायचो. फक्त तेव्हा कुणी येऊन फोटो काढत नव्हतं." यावर ती हसलीसुद्धा नाही. घराबद्दल बोलताना तिला हसू येत नाही, एवढं ते डोक्यात भिनलंय.

दोन महिने झाले, बिबवेवाडीतल्या आमच्या गच्चीचं बंदर झालंय. माझ्या कुरडयांच्या जागेवर हिने एक निळी टाकी आणून ठेवली. तिच्यात पाटाएवढं घर तरंगतं, इवला जिना, इवली खिडकी. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, "आजी, हे सोसायटीला विचारून ठेवलंय का?" मी म्हटलं, "पाणी सोसायटीचं आहे, वेड आमचं. वेडाला परवानगी लागते का?" ते गेले, पण कुरडयांना ऊन काही मिळालं नाही.

आता खरी गोष्ट. मागे एकदा मी थट्टेत म्हटलं होतं की हलणाऱ्या घरात मी पाऊल टाकणार नाही, चहा सांडतो. हिने ते मनावर घेतलं. काल मला हाताला धरून गच्चीवर नेलं. घराच्या चार कोपऱ्यांना चार दोऱ्या, ताठ ओढून टाकीच्या तळाशी बांधलेल्या. "ढकल बोटाने. हलतंय? तुझ्यासाठी सगळी ढील काढून टाकली. पुढच्या महिन्यात खाडीत खरं घर सोडायचं, आणि हा पावसाळा मी स्वतः त्यात राहणार." मी त्या दोऱ्या बोटाने दाबून पाहिल्या. म्हटलं, "टाकीत पाणी सोड." म्हणाली, "आजी, भरतीचा विचार केलाय मी." म्हटलं, "केला असशील. सोड पाणी." वीतभर पाणी चढलं. घर चढेना. मग एक कोपरा खाली ओढला गेला आणि त्या इवल्या दारातून पाणी आत शिरलं. तिने विचारलं, "तुला कसं कळलं?" मी म्हटलं, "डाळ शिजलेली कळते, तसं," आणि जिना उतरून खाली आले. खोटं बोलले. म्हणून आज तिला कागद घेऊन समोर बसवलंय. खरं कसं कळलं, ते आधी तुम्हाला सांगायला हवं.

आठवा, मी नऊ वर्षांची आहे. शाळा खाडीपलीकडे. तुम्ही सकाळी गावातली सगळी पोरं होडीत घालून पलीकडे सोडता, संध्याकाळी परत आणता. मी काठावर. मी विचारलं, "आबा, मी पण जाऊ शाळेत?" तुम्ही म्हणालात, "तू गेलीस तर होडी कोण बांधणार?" थट्टेत म्हणालात की खरंच, ते मला आजही ठरवता येत नाही. होडी काठावरच्या खांबाला बांधायचं काम माझं होतं. भरतीला होडी वर चढते, म्हणून दोराला ढील सोडायची, अमावास्येला त्याहून जास्त. हे तुम्ही माझा हात हातात धरून शिकवलं होतंत. त्या संध्याकाळी ओहोटी होती. माझ्याच वयाची एक मुलगी होडीतून उतरली आणि तिने मला पाटी दाखवली. "बघ, माझं नाव." मी वाचल्यासारखं केलं आणि ती हसली, कारण मी पाटी उलटी धरली होती. ती गेल्यावर मी दोर ओढला, खांबाच्या बुडाशी आवळला, बोटभरही ढील ठेवली नाही. अमावास्या होती, आबा. मला माहीत होतं.

सकाळी खांब होता, होडी नव्हती. पाणी उतरलं तेव्हा चिखलात दिसली, एक बाजू फुटलेली. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, उधाण मोठं होतं. मला एका शब्दाने बोलला नाहीत. पण त्यानंतर होडी तुम्हीच बांधत गेलात, आणि मला शाळेतही घातलं नाहीत.

इथे हिचा हात थांबला. "आजी, म्हणजे तूच..." म्हटलं, "हो, मीच. लिही." तेवढं लिहून ही म्हणते, "किती ढील ठेवू? आकड्यात सांग ना." आकडे मला कुणी शिकवले? गच्चीवर चल म्हटलं, हाताने दाखवते. आणि खाडीत घर सोडशील तेव्हा मी येते. चहा सांडला तर सांडला.

आता ही विचारते, हे पाठवायचं कुठे. कुठेच नाही. तिच्या नकाशांच्या नळकांड्यात राहू दे. एकच राहिलं, तेवढं लिही. होडी दुरुस्त होईपर्यंत गावातलं एकही पोर शाळेत गेलं नाही. तुम्ही काठावर रिकामे हात घेऊन बसायचात, आणि शेजारी मी रडत होते, ते तुम्ही पाहिलंत. आबा, आतून मला फार बरं वाटत होतं.