आईचा धुण्याचा दगड

सोलगोल,
१७ सप्टेंबर १९७९

ती. ताईस,
धाकट्या ग्यू-बोंगचा वाकून नमस्कार.

सकाळचा वारा गार झालाय. ओसाकाची दमट हवा तुझ्या गुडघ्यांना सोसते ना? इथे सगळे मजेत. छपरावर भोपळे धरलेत, अंगणात मिरच्या वाळताहेत. तू पितरांच्या सणाला येणार म्हणून तुझी भावजय रोज एकेक भांडं घासून लखलखीत करते. म्हणते, "चाळीस वर्षांनी नणंद येतेय, काळं पातेलं दिसलं तर माझं नाक कापलं जाईल."

तर सगळं ठीक आहे. पण सगळं ठीक असताना मी पत्र लिहायला बसत नाही, हे तुला माहीत आहे.

परवा आईच्या थडग्यावरचं गवत कापायला टेकडीवर गेलो. एरवी मी लवकर जातो. यंदा मुद्दाम उशीर केला, तू येशील तेव्हा गवत ताजं कापलेलं दिसावं म्हणून. वर पोचतो तर काय, एक अनोळखी म्हातारा दोन मुलांना घेऊन आईच्या थडग्याच्या उंचवट्यावर विळा चालवतोय! माझं डोकंच फिरलं.

"काय हो, दुसऱ्याच्या आईच्या डोक्यावर विळा चालवता? लाज वाटत नाही?"

"कुणाची आई? ही माझी आजी आहे," तो शांतपणे म्हणाला.

"आजी तुमची? मग इतकी वर्षं गवत मी कापतोय, दारू मी वाहतोय, ती काय फुकट?"

त्याने विळा खाली टाकला आणि माझे दोन्ही हात धरले. "म्हणजे ते तुम्ही होय!"

तो खिंडीपलीकडच्या गावचा प्यो. ते लोक दरवर्षी सणाच्या तोंडावर येतात आणि गवत आधीच कापलेलं असतं. "आमची आई मरेपर्यंत म्हणायची, डोंगराचा देव येऊन कापून जातो."

मी हटून बसलो. तेव्हा त्याने थोरल्या मुलाला थडग्याच्या पायथ्याशी खणायला लावलं. थोडं खाली गेल्यावर एक पालथा वाडगा निघाला. ज्यांना नाव कोरलेला दगड परवडत नसे ते लोक असा वाडगा पुरत, तुला आठवत असेल. आत शाईने लिहिलं होतं, प्यो घराण्याची सून, आणि खाली साल, १९१८चं ते घोड्याचं वर्ष. तोच शरद ऋतू, ताई, तीच तापाची साथ. भात शेतात उभा राहिला आणि कापायला माणूस उरला नाही, असं तू सांगायचीस. तू सात वर्षांची होतीस, मी दोन. तेव्हा घाईघाईने रचलेले किती तरी उंचवटे आता खचून जमिनीला मिळालेत. ती माणसं कोण, हेही कुणाला ठाऊक नाही.

वाडगा परत जागेवर ठेवला. प्योने पहिला पेला मला दिला. "आमच्या आजीची सेवा केलीत. पण मग तुमची आई कुठेय?"

"वरच्या अंगाला," मी ठोकून दिलं.

तू लग्न होऊन गेल्यावर बाबांनी मला लांबूनच जागा दाखवली होती, मोठ्या पाइनच्या सावलीत. पुढे मी खाणीत गेलो, परतलो तेव्हा टेकडी बोडकी झाली होती आणि बाबाही उरले नव्हते. मी अंदाजाने एक उंचवटा आपला म्हटला. तुला विचारता आलं असतं. पण वंशाचा मुलगा मी, आईचं थडगं बहिणीला विचारू? तू दर पत्रात लिहितेस, "बाबांनी पायथ्याशी ठेवलेला आईचा धुण्याचा दगड आहे ना रे?" आणि मी दर वेळी कळवतो, "आहे, मातीत रुतलाय." मी तो कधी पाहिलाच नव्हता.

घरी येऊन तुझ्या भावजयीला, सुन-रेला म्हणालो, "ताईला कशाला सांगायचं? प्योंना विश्वासात घेऊ, ताईला त्याच जागी नेऊ. म्हातारी समाधानाने परत जाईल."

ती पातेल्यावरून नजर न काढता म्हणाली, "बरोबर आहे. जन्मभर परक्या आईला नमस्कार केलात, आता सख्ख्या बहिणीला फसवा. म्हणजे काही राहायला नको."

काल एकटाच वर गेलो. दगड सापडला, ताई. मधोमध झिजलेला, तू सांगायचीस तस्साच. आई प्योंच्या आजीच्या अगदी शेजारी आहे.

कुठे सापडला ते मी मघापासून टाळतोय. आता लिहितो.

इतकी वर्षं कापलेलं गवत मी शेजारी एका जागी टाकत आलो. तिथे जमीन जरा उंच होती, ढीग चांगला बसायचा. काम संपलं की त्याच ढिगावर बसून सुका मासा चावत उरलेली दारू प्यायचो आणि नातवंडांना दाखवायचो, बघा, पणजी कशी स्वच्छ दिसतेय. माझ्या पेल्यातला एक थेंबही कधी खाली सांडू दिला नाही.

कुजलेल्या गवताचे थर उपसले तेव्हा खाली खचलेला उंचवटा निघाला. मी कपाळ टेकलं, पण तोंडातून "आई" निघेना. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिचा चेहरा आठवत नाही, त्यात माझा काय दोष. पण मी तिच्यावर बसत होतो, ताई.

ढीग उचलून टाकलाय. तिथली झुडपं मात्र मी कापणार नाही. आपल्याकडे हे मुलाचं काम, पण यंदा पहिला विळा तू चालव. मी मागे उभा राहीन. मग मला काय बोलायचं ते तिथेच बोल, तिच्यासमोर.

आणि माझ्या धाकट्या मुलाने काढलेला तो फोटो, जो उशाशी ठेवून रोज सकाळी नमस्कार करतेस, तो फाडू नकोस. त्यात मी छाती काढून उभा आहे, मागे प्योंची आजी आहे. कडेला गवताचा ढीग दिसतोय, त्यावर मी माझी टोपी काढून ठेवलीय.

त्या ढिगाखाली आई आहे.

तिचा नालायक मुलगा,
ग्यू-बोंग