विरुद्ध वाऱ्याचा दीड तास

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कालपासून कामावर रुजू झालो. विमानांचे मार्ग आखायच्या आमच्या खोलीत जो तो विचारतो, आई कशी आहे? काय सांगू? दोनदा तू शेवटचं बघून जा म्हणून फोन केलास, आणि दोन्ही वेळा बाईसाहेब उशीला टेकून उकडलेलं अंडं खात होत्या! लांडगा आला रे आला, असं झालंय.

माझी बाजूही बघ. अंतर नऊ हजार चारशे किलोमीटर. हवेत बारा तास, मधे विमान बदलायला पाच, दोन्हीकडची धावपळ धरून दारापासून दारापर्यंत एकोणीस. तिकडे येताना वारा विरुद्ध असला तर दीड तास वर. म्हणून स्पष्टच लिहितो, पुढच्या वेळी सगळं आटोपल्यावरच कळव. ही ओळ आईला वाचून दाखवू नकोस.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझा धाकटा

ता. १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मायन्यापासून सहीपर्यंत मोठ्यानं वाचायचं, हा आईचा नियम तुला ठाऊक आहे. तिचे डोळे गेल्यापासून अकरा वर्षं मी एक ओळ गाळली नव्हती. काल गाळली. तिच्या जागी, आई, नुसता निरोप धाड, एकोणीस तासांत तुझ्यापुढे उभा, असं वाचलं. तिनं ते तीनदा वाचून घेतलं, वाऱ्याच्या दीड तासासकट.

डॉक्टर आता महिन्याचीही खात्री देत नाहीत. शहाण्या, जरा तरी लाज वाटू दे आणि ये.

तुझी ताई

ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

बरं केलंस. असंच वाचत जा. कळवायचं कधी, ते ठरलंच आहे.

धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

आई काल गेली. फोन मुद्दाम केला नाही. पत्राला नऊ दिवस लागतात, पण आता तुला कसली घाई?

परवा दुपारी चारला तिनं तुला निरोप धाडायला सांगितलं. मी कोपऱ्यावरच्या फोनपर्यंत गेले, नुसती उभी राहिले आणि परत येऊन तू निघालास म्हणून सांगितलं. तुझा हुकूम मोडायची माझी काय टाप! मग ती तास विचारत राहिली, मी सांगत राहिले. काल अकराला एकोणीस भरले. तिनं केस विंचरून घेतले, दार सताड उघडायला लावलं. मग स्वतःच म्हणाली, वारा विरुद्ध असेल, दीड तास धरायला हवा. साडेबारा झाले तेव्हा मी अजून बारा वाजले नाहीत म्हटलं. तासभर मी घड्याळ पुढे जाऊच दिलं नाही.

पावणेदोनला, माझ्या हातात हात आणि तोंड दाराकडे, तिनं तू पोचलास का विचारलं. हो म्हटलं असतं तर सुखानं गेली असती. खोटं तर मी परवापासून बोलतच होते. पण अकरा वर्षं तिचं सगळं केलं, माझी वाट तिनं एकदाही अशी पाहिली नाही.

मी नाही म्हणाले.

लोभ आता एवढाच पुरे.
ताई