चंदाच्या जिभेवरचं पांढरं

५ ऑगस्ट, सकाळ
आमची चंदा दोन महिन्यांची. आज तिच्या जिभेवर पांढरं दिसलं. दूधच असणार. बाप म्हणून मी कूल राहणार. बायकोला, वर्षाराणीला, तसं सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, मंग सदरा उलटा काहून घातला? म्हटलं, फॅशन आहे.

६ ऑगस्ट
पांढरं आता गालांच्या आतही. माझी आई म्हणाली, मध चाटव. ठाम नकार दिला. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध नाही. एवढं मला कळतं, म्हणजे बाकीचंही कळतंच.
ओल्या फडक्यानं पुसलं. निघेना. जोर दिला. खाली लालभडक, रक्ताचा ठिपका. फडकं लपवलं. उगाच कोणी पॅनिक व्हायला नको.

७ ऑगस्ट
मोबाइलवर वाचलं. फार वाचलं. आता मोबाइल बंद. पक्का निर्णय.
दुपारी. पुन्हा वाचलं. जेवण गेलं नाही.
वर्षाराणी म्हणते, रिसोडले दवाखान्यात चला. उद्या जाऊ. आज बाजार, गर्दी, इन्फेक्शनचा धोका. डॉक्टर काय सांगतील याच्याशी काही संबंध नाही.

८ ऑगस्ट
चंदा छातीला लागते आणि किंचाळून तोंड फिरवते. पाजताना वर्षाराणीचीही आग होते. सकाळपासून लंगोट कोरडा. मी गाडी धुवायला घेतली. दवाखान्यात जायचं तर गाडी स्वच्छ हवी.
धुऊन आलो तर घरात एकटी आई. म्हणाली, दोघी जीपनं गेल्या. तुही गाडी वाळेपर्यंत पोरीनं उपाशी राहावं काय?

८ ऑगस्ट, दुपार, दवाखान्याबाहेर
मागोमाग पोहोचलो. दारात पाय अडकले. गाडीवरही कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. शेवटी डॉक्टरीणबाईच बाहेर आल्या. पोरगी वाचेल ना, एवढंच विचारायचं होतं. तोंडातून निघालं, गाडी इथे लावली तर चालेल ना?
त्या म्हणाल्या, तोंडात बुरशी झालीय, लहान बाळांना होते. थेंब द्या. आईच्या छातीलाही मलम, नाहीतर एकीचं दुसरीला होत राहील. पाजणं थांबवू नका. लघवी कमी आहे, म्हणून आज इथेच ठेवू. मग विचारलं, तोंड कोणी खरवडलं?
चौकशी करतो म्हटलं.


९ ऑगस्ट
चंदा प्यायली. लंगोटही ओला केला. थेंब मीच देणार, असं जाहीर केलं. सगळे झबल्यावर पडले. वर्षाराणीनं बाटली काढून घेतली. म्हणाली, तुमी निस्ती पोरगी धरा.
धरली. माझ्या उजव्या हातावरच झोपली. हे डाव्या हातानं लिहितोय. अक्षर मलाही लागत नाही.