दिवसाची गाडी

प्रिय संस्कृतीच्या पप्पांना,

घरी असता तेव्हा तुम्ही घोरत असता, अन् रात्री गाडी चालवत असता तेव्हा मी फोन करत नाही. मग बोलायचं कधी? म्हणून ही चिठ्ठी डब्यात ठेवतेय. आधी भाकरी खा, मग वाचा.

पोरगी रात्री झोपत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. दहावीचं वर्ष, रात्रभर अभ्यास करते, असं ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात सगळ्यांना कौतुकानं सांगता. कसला अभ्यास, कपाळ! वर्गात बाकावर डोकं टेकून झोपते. बाईंनी मला शाळेत बोलावून सांगितलं. मी काय करायचं बाकी ठेवलं? तळपायाला तेल चोळलं, दुधात जायफळ घातलं, शेजारच्या सरूबाई म्हणाल्या म्हणून मीठ-मोहरीनं दृष्टही काढली. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळनंतर चहा नको, खोलीत अंधार ठेवा, मोबाइल काढून घ्या. चहा बंद केला. परवा मोबाइल कपाटात टाकून कुलूप लावलं.

तर एवढी मोठी पोरगी माझे पाय धरून रडायला लागली. मला वाटलं, झालं, कुण्या पोराची भानगड आहे. लई बोलले तिला, नको नको ते बोलले. अन् तिचं आपलं एकच, पप्पांना मिस कॉल द्यायचाय.

दिवाळीत जेवताना तुम्ही हसत हसत सांगितलं होतं ना, नागपूरच्या त्या सरळ रस्त्यावर डोळा लागला अन् क्लीनर गोकुळनं ओरडून उठवलं म्हणून? आपण हसलो. ती नाय हसली. तेव्हापासून ती रात्रभर सारखी मिस कॉल देते, अन् तुमचा परत येईस्तोवर फोनकडं बघत बसते. तुम्हाला वाटतं, लेक लाडात आलीय. आपण झोपलो की तिकडं गाडी चालवताना पप्पाही झोपतील, असं तिच्या डोक्यात बसलंय. मी समजावून थकले. शेवटी कुलूप काढून फोन दिला तिला, काय करणार?

अहो, तिच्या झोपेचं औषध माझ्याजवळ नाहीच. मालक कन्नड गावापर्यंतची दिवसाची गाडी देतो म्हणाले होते, पगार कमी म्हणून तुम्ही नको म्हणालात. ती घ्या. मी आणखी दोन घरच्या पोळ्या धरते, भागेल कसंबसं. मी लिहिलंय हे तिला सांगू नका, पप्पा आपणहून रात्रीचे घरी राहिले असंच वाटू द्या. अन् हे नुसतं तिच्यासाठी मागत नाही मी. ती निदान मिस कॉल तरी देते. मी लग्न झाल्यापासून नुसती डोळे मिटून पडते.

तुमचीच,
निशा